नाइट नसलेलं काम

नाटकवाल्याचं आयुष्य टाळ्यांचं असतं, असा लोकांचा समज आहे. प्रत्यक्षात ते वाट बघण्याचं असतं. दुपारी चारचा प्रयोग असला तरी सकाळच्या नाटकाचा सेट निघेपर्यंत आमची मंडळी दाराशी उभी. दौऱ्यावर तर विचारूच नका. रात्री साडेबाराला प्रयोग आटपतो, सेट बसमध्ये भरला जातो, गार झालेला मसालेभात खाऊन आम्ही निघतो आणि उजाडता उजाडता दुसऱ्या गावच्या लॉजवर पोचतो. पुढे रात्रीपर्यंत करायचं काय? त्यात माझी एन्ट्री दुसऱ्या अंकात. तिसरी घंटा होऊन पडदा गेला तरी मी आपला मेकअप रूममध्येच.

या वेळात मी चित्रं काढतो. एक वही, एक पेन्सिल. कपड्यांना इस्त्री करणारा, सेटमागे आडवा झालेला बॅकस्टेजचा पोरगा, आरशासमोर मिशी चिकटवणारे आमचे ज्येष्ठ नट. पावसाळ्यात प्रयोग कमी होतात, तेव्हा रंग बाहेर निघतात. आमच्यातला एक जण त्याच दिवसांत गणपतीच्या मूर्ती रंगवतो, एक बाई दौऱ्याच्या बसमध्ये अख्खा स्वेटर विणतात.

‘याचा अभिनयाला उपयोग होत असेल ना?’ असं लोक हमखास विचारतात. मला तरी तो झालेला नाही. सगळ्याचा कशाला तरी उपयोग व्हायलाच हवा, हा हट्टही मला कळत नाही. मी चित्र काढतो त्याचं कारण वेगळं आहे. नाटकात वाक्यं लेखकाची, हालचाली दिग्दर्शकाने बसवलेल्या, प्रकाश दुसऱ्याचा. मला ताप आला तर रिप्लेसमेंट चार दिवसांत उभी राहते, आणि राहायलाच हवी. हाउसफुलचा बोर्ड माझ्या तापासाठी थांबत नाही. वहीत मात्र चुकलेली रेघही माझीच. तिथे नाइट, म्हणजे प्रयोगामागे मिळणारं मानधन, मिळत नाही, तशी रिप्लेसमेंटही नाही.

शिवाय प्रयोग संपला की संपला. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, हे आम्हा सगळ्यांना पाठ. तो खेळ कसा दिसला असेल याचा आता अंदाजच बांधायचा. पण त्याच भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. त्या टिकल्या आणि कितीतरी वर्षांनी रामदास पाध्यांनी त्यांचा खेळ पुन्हा केला. ज्याच्यामुळे ते मराठी नाटकाचे जनक ठरले ते हवेत विरलं, आणि हातची कारागिरी उरली!

चंद्रकांत मांढरे यांचंही तसंच. चित्रपटाचा देखणा नायक म्हणून मागच्या पिढीने त्यांना डोक्यावर घेतलं. ते निसर्गचित्रं काढत, पावडर शेडिंगची, आणि ती फावल्या वेळातली म्हणावीत अशी मुळीच नाहीत. पुढे घर आणि चित्रं दोन्ही त्यांनी शासनाला देऊन टाकली. नट म्हणून ते मोठे की चित्रकार म्हणून, असं विचाराल तर माझं मत चित्रकाराला. पण माझ्यावर जाऊ नका. कोल्हापूरला गेलात की अंबाबाईचं दर्शन आणि तांबडा-पांढरा होतोच. राजारामपुरीतल्या त्यांच्या संग्रहालयासाठीही तासभर काढा आणि तुम्हीच ठरवा.