ज्युरी का वगळलीस?

चि. मेधास,


'टू किल अ मॉकिंगबर्ड'मधला खटला तू वर्गात मुलांकडून उभा करवलास, हे वाचून ऊर भरून आला. पण वेळ नाही म्हणून ज्युरी वगळलीस? अगं, मग राहिलं काय?

सगळ्यांना आरोपीचा वकील अ‍ॅटिकस व्हायचं होतं म्हणतेस. होणारच. पण पुराव्यावर तर तो जिंकलेलाच आहे. आरोपी टॉम रॉबिन्सनचा डावा हात लहानपणी सरकी काढायच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. त्याच्यावर आरोप करणाऱ्या मेयेलाला मार लागलाय तो चेहऱ्याच्या उजव्या बाजूला. तिचा बाप बॉब यूएल भर कोर्टात सही करतो ती डाव्या हाताने. डॉक्टरला तर कुणी बोलावलंच नव्हतं. एवढं ऐकूनही बारा जण तासन्‌तास आत बसून 'दोषी' म्हणत बाहेर येतात. हे बारा कोण, ते मुलांना कळायला नको? सगळे गोरे, सगळे पुरुष. अलाबामात बायकांना ज्युरीत बसायला 1966 उजाडलं. कादंबरीतला खटला 1935 मधला, आणि त्याच वर्षी स्कॉट्सबरोच्या नऊ कृष्णवर्णीय पोरांच्या प्रकरणात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की, कृष्णवर्णीयांना ज्युरीतून सरसकट वगळणं घटनेत बसत नाही. त्याच प्रकरणात हॉर्टन नावाच्या न्यायाधीशाने 1933 मध्ये एका पोराची शिक्षा रद्द केली, तर पुढच्या निवडणुकीत लोकांनी त्याला घरी बसवलं. हे सांगितलंस का मुलांना? पुढच्या वेळी आधी बारा खुर्च्या मांड, वकील मागाहून निवड.

टॉमला मेयेलाची कीव आली, हे त्याने बोलायलाच नको होतं, असं म्हणणारा तुझा तो मुलगा मला फार आवडला. त्याने साक्ष नीट वाचलीय. काळ्या माणसाने गोऱ्या बाईची कीव करावी, हेच त्या बारा जणांना सोसलं नाही. साक्षी उतरवून घेण्यात माझा जन्म गेला, म्हणून सांगते, भाषणं विसरली जातात, साक्षीदार तोंडून गेलेल्या एका वाक्यावर बुडतो.

आता खरं बोलते. पत्राच्या शेवटी तू सहज लिहिलंयस की मेयेला झालेल्या मुलीला वर्ग हसला आणि ती दोन दिवस आलेली नाही. ते वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. मेयेला खोटं बोलते, टॉमचा जीव त्यात जातो. ते माफ नाहीच. पण भावंडांना आइस्क्रीमला पाठवायला वर्षभर सात नाणी साठवणारी पोर आहे ती. अ‍ॅटिकस तिच्याशी अदबीने बोलतो, तर तिला वाटतं हा आपली थट्टा करतोय. आजवर कुणी तसं बोललेलंच नाही ना! बापाचं नाव निघालं की ती कशी गप्प होते, ते पुन्हा वाच. आणि तुझ्या मुलीने ही भूमिका स्वतः मागून घेतली होती की कुणी घेत नाही म्हणून तिच्या गळ्यात पडली? घरी कोण कोण आहे तिच्या? चौकशी केलीस का?

वर्गात सगळ्यांदेखत काही विचारू नकोस. उद्या तिच्या घरी जा, तिच्या एखाद्या मैत्रिणीला सोबत ने, आणि नाटकाचा विषय तिने काढल्याशिवाय काढू नकोस. काय झालं ते मला लगेच फोनवर कळव. दुपारी केलास तरी चालेल, मी झोपत नाही.

तुझी,
मावशी