गाडीने पावसाळे कुठे काढले?

सातारा,
७ मे २०२५

चि. सोनूस,


काल फोनवर तू एका दमात सगळं सांगितलंस आणि मी "बरं बरं" म्हणत फोन ठेवला. ते मला रात्रभर टोचत राहिलं. मामी म्हणाली, सकाळी परत फोन करा. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि हे तू दोनदा वाचायला हवंस. म्हणून लिहायला बसलोय. पानांचे फोटो काढून आजच पाठवतो.

आधी रागावून घेतो. २५ हजार टोकन देऊन झाल्यावर मामाला विचारायचं, ही कुठली रीत? तीस वर्षं मी मोटार विम्याचा सर्व्हेअर होतो, रोज मोडक्या गाड्यांच्या खाली वाकून कंबर धरली. घरातली पोर पहिली गाडी घेते आणि मला कळतं ते पैसे दिल्यावर! ताईलाही तू सांगितलं नव्हतंस, हे तिच्या आवाजावरून कळलं. असो.

तुझा प्रश्न होता, "मामा, ४६ हजार किलोमीटर म्हणजे जास्त का?" जास्त नाही. सात वर्षांत ४६ हजार म्हणजे वर्षाला साडेसहा हजार, घरगुती गाडीचं रनिंग एवढंच असतं. पण मीटर मागे फिरवून देणारे गावोगाव बसलेत, तेव्हा आकड्यापेक्षा क्लचच्या पेडलचं रबर बघ, स्टिअरिंग हाताखाली किती गुळगुळीत झालंय ते बघ, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड दबली आहे का बघ. गाडीचा नंबर सांगून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुन्या नोंदी काढून घ्यायला सांग. मीटरबद्दल एवढं पुरे. माझी झोप त्याने उडालेली नाही.

झोप उडाली ती तू सहज बोलून गेलीस त्या वाक्याने. "गाडी आतून एकदम फ्रेश आहे मामा, नवीन कार्पेट, नवीन सीट कव्हर, आणि दार उघडलं की काय छान वास येतो!" त्यानंतर तू आरसी बुकाचा फोटो पाठवलास. नंबर एमएच ०८. पत्ता चिपळूणचा, तोही बाजारपेठेजवळचा. नोंदणी मार्च २०१८.

सोनू, २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर आला तेव्हा ही गाडी कुठे उभी होती, हे तू विचारलंस का गं?

गाडी विकणारा तीन गोष्टी सांगतो: मॉडेल कुठलं, किलोमीटर किती, मालक कितवा. घेणाराही तेवढंच विचारतो. मी आयुष्यभर सांगत आलोय, आपल्या मुलखात गाडीचं वय पावसाळ्यांवर मोजावं. किती पावसाळे पाहिले आणि ते कुठे काढले? देशावर शेडमध्ये काढले, की कोकणात अंगणातल्या माडाखाली? सोसायटीच्या तळघरात काढले, की नाल्याकाठच्या रस्त्यावर? सोलापूरकडची ८० हजार चाललेली गाडी मी डोळे मिटून घेईन, पण एकदा सीटपर्यंत पाणी चढलेली गाडी २० हजार चाललेली असली तरी मला नको. इंजिन उघडून नीट करता येतं. वायरिंगमध्ये शिरलेलं पाणी निघालं असं वाटतं, पण ते निघत नाही. जोडांवर तांब्याला हिरवी-पांढरी पावडर धरते आणि सहा महिन्यांनी, वर्षाने कुठलातरी दिवा लागतो, कुठली तरी काच खाली येईनाशी होते. तोवर विकणारा मोकळा झालेला असतो.

माझं हे वेड २००५ चं. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पुढच्या आठवड्यात आम्हा बाहेरगावच्या सर्व्हेअरांनाही मुंबईत बोलावून घेतलं. कलिन्यात एका सोसायटीत गेलो होतो. एका गृहस्थांची गाडी बाहेरून धुऊन लख्ख होती. ते म्हणाले, "साहेब, काही झालेलं नाही, ऐका," आणि मी हात वर करेपर्यंत त्यांनी किल्ली फिरवली. एकच "ठक्" असा आवाज आला आणि सगळं थांबलं. सिलिंडरमध्ये पाणी होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. पाण्यात उभी असताना वाचलेलं इंजिन त्या एका किल्लीने गेलं. विम्यातून इंजिनाचे पैसे मिळाले नाहीत, कारण नियम असा की बुडाल्याचं नुकसान मिळतं, बुडाल्यावर गाडी सुरू केल्याचं मिळत नाही. त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. ते तू घेच, गाडी कुठलीही घेतलीस तरी.

दुसरं २०१९ चं, सांगलीचं. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. एका गाडीचा सर्व्हे मी केला, दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून जास्त येत होता. अशी गाडी टोटल लॉस धरतात. मालकाला पैसे मिळतात आणि सांगाडा भंगाराच्या भावात लिलावात जातो. माझं काम संपलं. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर दुसऱ्याच शहरात एका मित्रासोबत सेकंडहँड गाड्या बघायला गेलो, तर तीच गाडी झळाळत उभी. ओळखली कशावरून? डॅशबोर्डवर देवाच्या मूर्तीपुढे उदबत्ती कलंडून पडलेला बोटभर लांब काळा डाग होता. सर्व्हेच्या दिवशी मी त्याचा फोटो काढला होता. बाकी सगळं नवीन केलं होतं: सीट कव्हर, कार्पेट, आणि दार उघडलं की छान वास.

एक तरुण जोडपं ती बघत होतं. मी त्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, टोकन दिलंय." मी आणखी बोलायला हवं होतं. त्यांच्या कडेवर दीड-दोन वर्षांचं मूल होतं. काल तू "टोकन" म्हणालीस आणि मला तोच मुलगा दिसला.

आता तुझ्या गाडीकडे. आरसीसोबत तू चालू विम्याच्या कागदाचा फोटो पाठवलास, त्यात एक ओळ आहे: नो क्लेम बोनस ३५ टक्के. तू ती वाचली नसशील, मी सकाळपासून तेवढीच वाचतोय. क्लेम न घेतल्यास हा बोनस पहिल्या वर्षानंतर २० टक्के मिळतो, मग २५, ३५, ४५, आणि शेवटी ५० वर थांबतो. एकदा क्लेम घेतला की शून्य. मालक पहिलाच आहे. क्लेम कधीच झाला नसता तर २०२३ लाच त्याचे ५० टक्के झाले असते. आज ३५ आहेत. आता बोटं मोड. मार्च २०२५ ला ३५, २०२४ ला २५, २०२३ ला २०, २०२२ ला शून्य. म्हणजे मार्च २०२१ ते मार्च २०२२ या वर्षात क्लेम झालाय.

पुराचाच असेल असं मी छातीठोक म्हणणार नाही. कोणी मागून ठोकली असेल, बंपर बदलला असेल. विमा ९० दिवसांहून जास्त खंडित राहिला तरी बोनस जातो. पण चिपळूणची बाजारपेठ आणि नेमकं तेच वर्ष! टोटल लॉस झाली नाही, म्हणजे पाणी छतावर गेलं नसेल. पण सीटपर्यंत चढलं असेल तर? विकणाऱ्याकडे २०२२ च्या पॉलिसीची प्रत आणि त्या क्लेमचं दुरुस्तीचं बिल माग. बिलात बंपर-हेडलाइट असेल तर मी आनंदाने पेढे घेऊन येईन. कार्पेट, वायरिंग, सीटचे फोम असं काही दिसलं तर टोकन बुडालं तरी चालेल, मी देईन तुला ते पैसे.

चिपळूणच्या माणसाला मी दोष देत नाही हं. पुरानंतर आठवड्याभराने मी तिथे गेलो होतो. दुकानांतून फावड्याने गाळ काढत होते, भिजलेल्या वह्या-पुस्तकांचे ढीग रस्त्यावर टाकले होते. ज्याचं सगळं गेलं त्याने गाडी दुरुस्त करून चार वर्षं वापरली आणि विकली, त्यात त्याचं काय चुकलं? चुकतंय ते मधल्या माणसाचं, नवं कार्पेट अंथरून गप्प बसणाऱ्याचं.

कार्पेटवरून आठवलं, तुझ्या बाबांच्या पद्मिनीत मागच्या पायापाशी पत्रा गंजून भोक पडलं होतं आणि तू त्यातून रस्त्यावर खडे टाकायचीस. कऱ्हाडच्या पुलावर तुझी चप्पल त्यातूनच गेली आणि तू कोल्हापूरपर्यंत रडलीस. ताईने वर रबरी मॅट टाकली, मग वर्षभर सगळ्यांना वाटलं भोक बुजलं! म्हणून म्हणतो, मॅट उचल, कार्पेटचा कोपरा उचल, खालचा नमदा हाताने दाबून बघ. ओल असेल, कुबट असेल, तर वरचा सुवास कशासाठी मारलाय ते समजेल.

सीटबेल्ट पूर्ण, शेवटपर्यंत बाहेर ओढ. रोज जेवढा बाहेर येतो तेवढा धुतलेला असतो, आतला शेवटचा हातभर कोणी धूत नाही. तिथे मातकट रेघ दिसली तर पुढे काही बघायचं नाही, घरी यायचं. ती दिसली नाही तर सीटखाली मोबाइलचा दिवा मारून रूळ आणि स्क्रू गंजलेत का बघ. स्टेपनी उचलून खालच्या खळग्यात बोट फिरव. हे सगळं दिवसाउजेडी, आणि गाडी थंड असताना. आधीच गरम करून ठेवलेली गाडी पहिल्या किल्लीला कधीच खोड दाखवत नाही. सुरू झाल्यावर निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबेचना, तर कूलंट आत जातंय. बोनेटचे बोल्ट, टायरच्या तारखा, डेंटिंग-पेंटिंग हे सगळं तुझ्या बाबांच्या वेळचे मिस्त्री बघतील, त्यांना मी फोन केलाय. त्यांची मजुरी देण्यात हयगय करू नकोस.

कागदांचं थोडक्यात. व्यवहार झालाच तर फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही घेऊन नाव लगेच चढव. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं आणि तू ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. विमाही तुझ्या नावावर करायला १४ दिवसांत अर्ज कर. त्याचा ३५ टक्के बोनस तुला मिळणार नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नसतो, तेव्हा हप्ता वाढेल हे धरून चाल. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हवा. जावईबापू म्हणाले म्हणे, "नाव नंतर करू, घाई काय." त्यांना नमस्कार सांग आणि हेही सांग की २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय, अपघाताच्या भरपाईला जबाबदार तोच, ज्याचं नाव आरटीओच्या दप्तरी आहे. विकणाऱ्यालाही हे ऐकव, मग तोच तुमच्या मागे लागेल.

आणि गाडी कुठलीही घ्या, तिचे पुढचे पावसाळे तुमच्या हातात आहेत. मृग लागायला महिना उरलाय. त्याआधी वायपरचं रबर बदला, काचेखालच्या जाळीतला पालापाचोळा काढा. तिथे पाणी तुंबलं की ते थेट आत पायाशी उतरतं. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, ती खराट्याच्या काडीने मोकळी करा, नाहीतर दारं आतून गंजतात. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, ते हवेतली ओल पितं आणि मग घाटात ब्रेक तापले की पेडल पोकळ लागतं. खंडेनवमीला झेंडूचा हार घालाल तेव्हा आधी गाडी खालून धुऊन घ्या. जुनी गाडी आणल्या आणल्या इंजिन ऑइल, कूलंट, गिअर ऑइल सगळं नवं घाला, आधीच्याने घातलं असं तो म्हणाला तरी.

आणखी एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहितो. बहुतेक गाड्यांत एअरबॅगचा कंट्रोलर गिअरजवळ, मधल्या कन्सोलखाली, अगदी जमिनीलगत बसवलेला असतो. पाणी आत शिरलं की पहिल्यांदा तोच भिजतो. डॅशबोर्डवरचा त्याचा दिवा किल्ली फिरवल्यावर लागून विझायला हवा. लागलाच नाही, तर कोणीतरी तो काढून ठेवलाय असं समज. दर शनिवारी तुम्ही छोटीला घेऊन ताम्हिणीतून जायचं म्हणता, आणि माझ्या डोक्यात तो न लागणारा दिवा फिरतोय.

शनिवारी सकाळच्या पहिल्या एसटीने मी येतोय. त्या माणसाला सांग, शुक्रवारी रात्रीपासून गाडीला किल्ली लावायची नाही, आम्ही नऊला येऊ. बोनेटवर हात ठेवून मी स्वतः बघेन. तोवर एक रुपयाही पुढे द्यायचा नाही, ट्रायलला म्हणूनसुद्धा छोटीला त्या गाडीत बसवायचं नाही. मामीने तिच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू केलेत, ते आणतो.

उत्तर लगेच दे. नुसतं "हो मामा" लिही, पण लगेच.

तुझा,
मामा

ता. क. दिव्याचं आजच बघून घे. विकणाऱ्याला फोन करून व्हिडिओ मागव, किल्ली फिरवताना डॅशबोर्ड दिसेल असा.