चार नखांची गोष्ट

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत राहून गेलं. मध्यंतरी एका मुंजीत मावशीने तिचा ठेवणीतला प्रश्न विचारला, "ते गिटारचं कळलं रे, पण काम काय करतोस?" गेली सतरा वर्षं मी या प्रश्नावर हसून जिलबी वाढून घेतोय. मावशी, वाचत असशील तर या वेळी जरा सविस्तर उत्तर देतो.

माझा आठवडा साधारण असा. सोमवार ते बुधवार संध्याकाळी शिकवण्या. दिवसा रेकॉर्डिंगचं काम आलं तर ते. शुक्रवार ते रविवार कार्यक्रम. म्हणजे कधी नाट्यगृहात जुन्या गाण्यांचा वाद्यवृंद, कधी लग्नाचं रिसेप्शन, कधी हॉटेलात मागच्या कोपऱ्यात बसून कुणाच्या जेवणात व्यत्यय येणार नाही इतपत वाजवणं. आणि गुरुवारी सकाळी ठाण्याहून वांद्र्याला. तिथे मी शिकवत नाही, शिकतो. क्लासिकल गिटार, ट्रिनिटीची आठवी ग्रेड. माझ्या आधीच्या वेळेला येणारा मुलगा नववीत आहे आणि माझ्यापेक्षा बरं वाजवतो.

ऑर्केस्ट्रात लागते ती विद्या वेगळी आणि वांद्र्याला लागते ती वेगळी. ऑर्केस्ट्रात गायिका माईक हातात घेता घेता मागे वळून "काळी दोन" म्हणते. हार्मोनियमवाल्याला त्याचं काही नाही, पण गिटारला काळ्या पट्ट्या गैरसोयीच्या. मग कॅपो पहिल्या पट्टीवर चढवायचा, बोटांनी डी धरायचा, की झाली काळी दोन. हे सगळं निवेदकाचं "आणि आता सादर होत आहे" संपायच्या आत. वहीत फक्त कॉर्ड्सची अक्षरं असतात, बाकी कान सांभाळून घेतो.

वांद्र्याला कानाचं कौतुक कमी. तिथे समोर न पाहिलेली स्वरलिपी ठेवतात आणि वाजवा म्हणतात. पियानोवर एका स्वराची एकच जागा. गिटारच्या पहिल्या तारेचा मोकळा स्वर मात्र दुसऱ्या तारेवर पाचव्या पट्टीत, तिसरीवर नवव्या आणि चौथीवर चौदाव्या पट्टीतही सापडतो. कागदावर टिंब एकच, ते कुठे वाजवायचं हे आपण ठरवायचं. पुन्हा लिहिलेलं असतं त्याच्या एक सप्तक खाली वाजतं. चाळिशीच्या उंबरठ्यावर हे शिकताना मेंदूला अक्षरशः घाम फुटतो.

रेकॉर्डिंगची तिसरीच तऱ्हा. पूर्वी पन्नास-साठ वादक एका हॉलमध्ये बसून एकत्र वाजवायचे, एक चुकला की सगळ्यांचं पुन्हा पहिल्यापासून. आता फाईल येते, मी घरी पंखा बंद करून, कानात क्लिक लावून वाजवतो आणि परत पाठवतो. गायक कोण हे कित्येकदा गाणं बाहेर आल्यावर कळतं. पैसे? एका निर्मात्याकडून गेल्या दिवाळीचे अजून यायचेत. असो. आपली नावं लोकांना माहीत नसतात याचं फारसं वाईट वाटत नाही. 'दम मारो दम' (१९७१) च्या सुरुवातीची गिटार भूपिंदर सिंग यांची, हे किती जणांना माहीत असतं? २०२२ मध्ये ते गेले तेव्हा बहुतेकांनी गझलगायक म्हणूनच हळहळ व्यक्त केली.

आता नखं. क्लासिकल गिटार नायलॉनच्या तारांवर, उजव्या हाताच्या चार बोटांच्या नखांनी वाजवतात, करंगळीला सुट्टी. नखं मिलिमीटर-दोन मिलिमीटर वाढवून बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत ठेवावी लागतात, नाहीतर सूर फाटका येतो. आणि पोट भरतं ते स्टीलच्या तारांवर. त्या तारा म्हणजे कानसच. रात्री तीन तास स्टीलवर काढले की गुरुवारी सर माझा हात बघून फक्त सुस्कारा टाकतात. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. तेव्हा हा हिशेब आमच्या घरात गृहकर्जाच्या हप्त्याइतका गंभीर आहे.

उपाय करून पाहिले. टेबल टेनिसच्या चेंडूचा तुकडा कापून फेविक्विकने नखाखाली चिकटवणं ही जगभरच्या गिटारवाल्यांची जुनी युक्ती आहे. माझा तुकडा एका रिसेप्शनमध्ये 'झिंगाट' चालू असताना उडाला. मग ब्युटी पार्लरमध्ये जाऊन अॅक्रिलिकची नखं करून घेतली. तिथल्या मुलीने विचारलं, "एकाच हाताची? आणि चारच?" मी हो म्हटल्यावर तिने पुढे काही विचारलं नाही, पण शेजारच्या खुर्चीतल्या बाई पूर्ण वेळ आरशातून माझ्याकडे बघत होत्या. तीही नखं टिकली नाहीत, वर खालची खरी नखं कागदासारखी पातळ झाली.

यंदा परीक्षा नवरात्रानंतर महिन्याभराने आहे. नवरात्र म्हणजे आमचा सुगीचा काळ. नऊ रात्रींच्या गरब्यात तीन महिन्यांचे हप्ते निघतात. पण नऊ रात्री स्टीलवर झोडपल्यावर नखं महिन्याभरात परत येणं कठीण, आणि सकाळचा रियाजही बुडणार. मी ऑर्केस्ट्राच्या दादांना नाही म्हणून सांगितलं. ते रागावले नाहीत. इतकंच म्हणाले, "बघ बाबा. दुसरा मुलगा घेतला आणि तो जमला, तर पुढच्या वर्षी मी त्याला काढू शकणार नाही." त्यांचं बरोबर आहे. त्यांच्या जागी मीही हेच म्हणालो असतो.

बायकोने शांतपणे विचारलं, "हप्त्यांचं बघू काहीतरी. पण पास होऊन नक्की काय होणार, ते सांग."

खरं सांगायचं तर फार काही नाही. एखाद्या शाळेत शिकवायला घेतील कदाचित. पण कारण ते नाही. मार्च २०२० मध्ये सगळं बंद पडलं तेव्हा मी महिनोन् महिने घरी गिटार घेऊन बसलेला असायचो. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. एक दिवस मी काहीतरी वाजवत होतो, तिने विचारलं, "बाबा, हे कुठलं गाणं?" मी सांगितलं. "मग पुढे?" पुढे गायक गातो, मी म्हटलं. "पण पुढे वाजव ना!" पुढे माझ्याकडे कॉर्ड्सच होते. शेकडो गाण्यांची सुरुवात मला येत होती, मधले तुकडे येत होते. पण एकट्याने बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवावं असं काहीही नव्हतं. सोबत चांगली करतो मी, त्याचा अभिमानही आहे. फक्त एकदा दहा मिनिटं मागे-पुढे कुणी नसताना वाजवून बघायचंय. बायकोला हेच सांगितलं. ती म्हणाली, "मग आधी हेच सांगायचं ना," आणि कुकर लावायला गेली.

नखांवरून हे भांडण जुनंच आहे बरं का. ज्याच्या चालीच्या एका तुकड्यावरून नोकियाची रिंगटोन आली, तो स्पेनचा तारेगा उत्तरायुष्यात नखं कापून नुसत्या बोटांनी वाजवायचा. आणि त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये सोर आणि आग्वादो हे दोघे होते. सोर बिननखाचा, आग्वादो नखवाला. दोघांची मतं शेवटपर्यंत जुळली नाहीत, पण मैत्री घट्ट. सोरने दोघांनी मिळून वाजवायला एक रचना केली, तिचं नावच 'दोन मित्र'.

ती मी मागवलीय. परीक्षा झाली की त्या नववीतल्या मुलाबरोबर वाजवायचा बेत आहे. त्याची नखं उत्तम आहेत. तोवर घरातली भांडी डाव्या हाताने घासतो. निकाल कळवीनच. आणि मावशी, पुढच्या कार्यात भेटलो की हात बघून घे.