घराचा परीक्षक

मनुष्य आजारी पडला म्हणजे वैद्यास बोलवावें, हें आपणांस कोणी शिकवावें लागत नाहीं. घर आजारी पडलें म्हणजे मात्र आपण प्रथम रंगाऱ्यास बोलावतों. भिंतीवर काळे ठिपके उमटले, कपाट उघडतांच कुबट वास आला, जोड्यांवर हिरवट बुरा चढला, कीं "यंदा दिवाळीला रंग देऊं" असें म्हणून आपण मोकळे होतों. रंग लागतो, चार महिने भिंत हंसते, आणि पुढील श्रावणांत तेच ठिपके त्याच जागीं पुन्हां हजर होतात. रंगानें ओल झांकते, जात नाहीं. हें सर्वांस ठाऊक आहे. तरीही ओल येते कोठून, एवढाच शोध कोणी तिऱ्हाइतानें फी घेऊन करावा, ही कल्पना आपल्याकडे अजून नवी आहे. गेल्या पावसाळ्यांत या शोधाचा अनुभव आमच्या घरीं आला. त्यावरून जे विचार सुचले, ते वाचकांपुढें ठेवावे असें वाटतें.

आम्ही पुण्यांत एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर राहतों. मागील खोलीच्या भिंतीशीं माझें पुस्तकांचें उंच कपाट आहे आणि त्याच खोलींत माझी पत्नी निजते. आषाढाच्या मध्यास कपाटाच्या पाठीमागून काळसर डाग डोकावूं लागले. श्रावणांत ते छताच्या कडेपर्यंत पसरले. त्याच सुमारास पत्नीस कोरडा खोकला जडला. रात्रीं दोन दोन वेळां ती उठून बसे. डॉक्टरांनीं दम्याची प्रकृति सांगितली, औषध दिलें आणि खोली कोरडी ठेवण्यास बजावलें.

मग घरांत जी चर्चा सुरू झाली, ती बहुतेक घरांत होते तशीच होती. चिरंजीव म्हणाले, यंदा पाऊसच फार. वरच्या मजल्यावरील मंडळींनीं भिंतच जुनी झाल्याचा निर्वाळा दिला. माझ्या वडील भगिनी, ज्यांना आम्ही सर्व अक्का म्हणतों, त्या चातुर्मासासाठीं आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनीं मात्र थेट सूनबाईकडे बोट दाखविलें. "अगं, खिडक्या लावून दिवसभर कचेरींत जातेस आणि घरांत ओले कपडे वाळत घालतेस, मग भिंतीनें काय करावें?" असें त्या एकदां सर्वांदेखत म्हणाल्या. सूनबाई कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून ती पहांटे उठून भिंत फडक्यानें पुसूं लागली, आणि पिळलेले कपडे बादलींत भरून चार जिने चढून गच्चीवरील पत्र्याखालीं वाळत घालूं लागली. बुरशी कांहीं हटली नाहीं. घरांतलें बोलणें मात्र कमी झालें.

जाहिरात पाहून चिरंजीवांनीं एका कंपनीच्या मनुष्यास बोलावलें. तपासणी मोफत होती. गृहस्थ पांच मिनिटें हिंडले, त्यांनीं मोबाईलवर फोटो घेतले, एक यंत्र भिंतीस टेंकवून उचललें, आणि सर्व खोल्यांच्या भिंतींस औषधी लेप देण्याचा भला मोठा आंकडा सांगितला. "पण ओल येते कोठून?" असें मीं विचारलें. "सगळीकडूनच, सर, म्हणून तर पूर्ण घराचें काम करून घ्या," असें उत्तर मिळालें. या उत्तरानें माझें समाधान होईना.

पुढें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें एका स्थापत्य-अभियंत्यांचें नांव सुचविलें. त्यांनीं दारांतच सांगितलें, "गुरुजी, मी फक्त तपासतों. दुरुस्ती करीत नाहीं आणि औषधही विकत नाहीं. माझी फी एवढी." मग सुमारें तीन तास त्यांचें काम चाललें. त्यांतला पहिला तास निव्वळ प्रश्नांत गेला. डाग प्रथम केव्हां दिसला? पाऊस उघडल्यावर तो फिका होतो काय? या खोलीच्या वर काय आहे? कपडे कोठें वाळतात? त्यानंतर ते बाहेर जाऊन पन्हळ, पावसाचा नळ व भिंतीच्या भेगा पाहून आले. कपाट हलविल्यावर त्यांनीं भिंतीवर पेन्सिलीनें फूट-फूट अंतरावर खुणा केल्या, प्रत्येक खुणेवर दोन टोंकदार सुयांचें ओलमापक यंत्र लावलें आणि आंकडे कागदावर मांडले. एके ठिकाणीं पांढरी भुकटी होती, ती त्यांनीं पाण्यांत टाकून पाहिली, ती विरघळली. "ही बुरशी नव्हे, लोणा आहे. पाणी भिंतींतून बाहेर येतांना आपल्याबरोबर क्षार आणतें," असें ते म्हणाले. क्षारामुळें यंत्राचा आंकडा फुगतो, म्हणून ती जागा त्यांनीं हिशेबांतून वगळली. उष्णतेचे रंग दाखविणारा कॅमेराही त्यांच्यापाशीं होता. परंतु तो पाणी पाहत नाहीं, भिंतीचा गारवा पाहतो, ओली जागा सुकतांना गार पडते म्हणून तेथें केवळ संशय घ्यावा आणि निर्णय सुयांनीं करावा, हेंही त्यांनीं समजावून सांगितलें.

आंकडे बोलके होते. जमिनीची ओल असती, तर खालचे आंकडे मोठे असते. तेथें भिंत कोरडी होती. घरांतल्या वाफेनें ओल धरली असती, तर थंड पाण्याच्या तांब्यास जसा घाम फुटतो तसा तो इतर गार भिंतींसही फुटला असता. त्याही कोरड्या होत्या. सर्वांत मोठे आंकडे छताच्या कडेस एका हातभर जागेंत होते. मध्यें चार दिवस उघडीप पडली तरी ते उतरले नाहींत. म्हणजे पाऊसही निर्दोष ठरला. त्या जागेच्या नेमकें वर वरच्या मजल्याची नहाणी होती. त्या मंडळींच्या संमतीनें तेथील नहाणी ट्रॅपमध्यें हिरव्या रंगाचें पाणी सोडलें. तिसऱ्या दिवशीं आमच्या छताच्या कडेस हिरवट छटा उमटली.

लेखी अहवाल आला तो चिरंजीवांनीं सायंकाळीं सर्वांसमक्ष वाचला. पावसाळ्यांत कपडे हवेशीर जागीं वाळवावे, अशी सूचना त्यांत होतीच. पण त्याच्या आधीं स्पष्ट शब्दांत लिहिलें होतें कीं, खोलींत कपडे वाळविणें हें या ओलीचें कारण नाहीं. अक्का त्या वेळीं कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं पहांटे सूनबाई बादली घेऊन निघाली, तेव्हां त्यांनीं तिच्या हातांतून बादली काढून घेतली आणि म्हणाल्या, "चार जिने चढूं नकोस गं, गुडघे जातील. इथेंच पंख्याखालीं घाल." यापरतें त्या विषयावर आमच्या घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं, बोलण्याचें कारणही उरलें नाहीं.

पुढें दोन्ही बिऱ्हाडांनीं खर्च वांटून घेऊन ट्रॅप नवा बसविला, ओला गिलावा काढला, आणि आंकडे उतरेपर्यंत सहा आठवडे भिंत उघडी ठेवून मगच रंग दिला. कार्तिकांत पत्नीचा खोकला बराच उतरला. औषध व ऋतुबदल यांचाही त्यांत वांटा आहे असें डॉक्टर म्हणतात, म्हणून सारें श्रेय मी भिंतीस देत नाहीं.

या सर्व प्रकारांत मला माझा जुना तर्कसंग्रह आठवला. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथें अग्नि आहे, हें अनुमान तो ग्रंथ शिकणाऱ्या प्रत्येकास पाठ असतें. उलट, जेथें अग्नि तेथें धूर असें म्हणतां येत नाहीं; तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असून धूर नसतो. धूर निघण्यास अग्नीचा ओल्या सरपणाशीं संयोग व्हावा लागतो. यास नैयायिक उपाधि म्हणतात. बुरशीचें अगदीं असेंच आहे. तिचे सूक्ष्म बीजाणु खिडकीवाटे प्रत्येक घरांत येतात. पण ओल भेटल्यावांचून त्यांची बुरशी होत नाहीं. म्हणून बुरशी दिसली कीं पाण्याचें अनुमान निश्चित करावें. परंतु हवेंत बीजाणु सांपडले, एवढ्यावरून घर बिघडलें असें मानूं नये. अमेरिकेंतील पर्यावरण-संरक्षण खातेंही सांगतें कीं, बुरशी डोळ्यांस दिसत असेल तर नमुने तपासण्याची बहुधा जरुरी नसते. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं या विषयावर मार्गदर्शक ग्रंथ काढला. ओल व बुरशी असलेल्या घरांत श्वसनाचे विकार व दमा अधिक आढळतो असें त्यांत म्हटलें आहे; मात्र अमुक बीजाणु म्हणजे धोका असा आंकडा दिलेला नाहीं. ओल होऊं न देणें आणि झाल्यास ती काढणें, हाच त्याचा उपदेश. तेव्हां काळी बुरशी म्हणजे विषारीच, असें भय घालून महागडे नमुने घेणारा परीक्षक भेटल्यास त्यास प्रथम विचारावें, पाणी कोठून येतें तें सांगतां काय?

माझें आयुष्य शाळेंत गेलें. ज्यानें मुलांस शिकविलें, त्यानेंच मॅट्रिकच्या उत्तरपत्रिका तपासाव्या, असें आम्हीं कधीं ऐकलें नाहीं. शिक्षक अप्रामाणिक असतो असा त्याचा अर्थ नव्हे. निकालांत ज्याचा लाभ आहे, त्याच्या हातीं निकाल नसावा, एवढाच अर्थ. घराच्या परीक्षेसही हाच न्याय लागतो. अमेरिकेंतील टेक्सस संस्थानानें २००३ सालीं कायदा करून बुरशीची तपासणी व तिचें निर्मूलन हे दोन परवाने वेगळे केले, आणि एकाच कामांत दोन्ही भूमिका एकानें घेण्यास मनाई केली. न्यूयॉर्क संस्थानांत असाच कायदा १ जानेवारी २०१६ पासून अमलांत आला. मोफत तपासणीची किंमत अखेर कोणाकडून वसूल होते, हें त्या लोकांनीं ओळखलें म्हणावयाचें.

ही कल्पना तशी जुनीच आहे. आपल्या वराहमिहिरानें बृहत्संहितेंत घर बांधण्यापूर्वीं जमिनींत खड्डा खणून, त्यांत पाणी भरून परीक्षा करण्याची रीति सांगितली आहे. राहत्या घराची परीक्षा मात्र मला यहुदी लोकांच्या लेवीय नामक ग्रंथांत सांपडली. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस डाग दिसल्यास धन्यानें पुरोहितास सांगावें. पुरोहितानें घर रिकामें करवून डाग पाहावा. सात दिवस घर बंद ठेवून पुन्हां पाहावा. तो पसरला असल्यास तेथले दगड काढवून, गिलावा खरवडवून गांवाबाहेर टाकवावा. इतकें करूनही तो उलटल्यास घर पाडावें. येथेंही पाहणारा पुरोहित आहे आणि खणणारे दुसरे आहेत. सात दिवस वाट पाहून मगच निर्णय करण्याचा धीरही शिकण्यासारखा आहे.

परीक्षा न झाल्यास दोष कोणाच्या माथीं बसतो, याचें एक दुःखद उदाहरण इंग्लंडांत घडलें. रॉचडेल गांवीं एका गृहनिर्माण संस्थेच्या लहानशा घरांत सुदानहून आलेलें एक कुटुंब राहत होतें. बापानें २०१७ पासून बुरशीची तक्रार चालविली होती; त्यास भिंत रंगवून घ्या असें सांगण्यांत आलें. या लोकांची राहणीच ओलीस कारण असावी, असा समज संस्थेनें करून घेतला होता, आणि तो चुकीचा होता हें तिनें पुढें कबूल केलें. २०२० च्या डिसेंबरांत त्यांचा दोन वर्षांचा मुलगा अवाब इशाक वारला. घरांतील बुरशीच्या दीर्घ संसर्गानें जडलेल्या श्वसनविकारानें हा मृत्यु झाला, असा निर्णय कॉरोनर बाईंनीं नोव्हेंबर २०२२ मध्यें दिला. त्या बालकाच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा २०२३ सालीं झाला. त्याखालील नियम २७ ऑक्टोबर २०२५ पासून तेथील सामाजिक घरांस लागू झाले असून, ओल व बुरशीच्या गंभीर तक्रारीची तपासणी १० कामाच्या दिवसांत करणें आणि त्यानंतर ५ कामाच्या दिवसांत धोका दूर करणें मालक संस्थेस बंधनकारक आहे. अगदीं तांतडीच्या धोक्यास २४ तासांची मुदत आहे.

आपल्याकडे असा कायदा होईल तेव्हां होवो. घरापुरता नियम आपणांस आजच करतां येईल. पाणी सांडलें वा मुरलें, तर एक-दोन दिवसांच्या आंत जागा कोरडी करावी. कपाटें भिंतीपासून चार बोटें दूर ठेवावीं. स्वयंपाकघर व नहाणी यांची वाफ बाहेर जाण्यास वाट असावी. लहानसा डाग घरच्या घरीं साबणाच्या पाण्यानें धुऊन सुकवितां येतो. मात्र तो त्याच जागीं पुन्हां आल्यास माहितगारास बोलवावें, त्याची फी देतांना हात आंखडूं नये, आणि त्याचा अहवाल लेखी घ्यावा. घरांत ओलीचें खापर बहुधा जो कमी बोलतो त्याच्यावर फुटतें. भाडेकरूवर, मोलकरणीवर, सुनेवर. भिंतीवर डाग दिसेल तेव्हां तो कोणामुळें आला हें विचारण्यापूर्वीं पाणी कोठून आलें हें विचारावें. पुष्कळदां दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मिळालें म्हणजे पहिला विचारण्याची गरजच उरत नाहीं.