मामला खलास

व्हिसाचं किंवा एमिरेट्स आयडीचं काम निघालं की टायपिंग सेंटरची पायरी आपल्यापैकी प्रत्येकाने चढलेली आहे. तिथल्या पाटीवरचं इंग्रजी आपण वाचतो आणि अरबी सोडून देतो. आमच्या चिरंजीवांना शाळेत अरबी सक्तीचं आहे. टोकन घेऊन बसलो असताना एकदा त्याने ते वाचून दाखवलं: 'तख्लीस मुआमलात', म्हणजे व्यवहार उरकून देणे. मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. तख्लीसमध्ये 'खलास' बसला आहे आणि मुआमलातमध्ये आपला 'मामला'. (मामलेदारही तिथलेच. ठाणेकरांना एव्हाना मिसळ आठवली असेल.) इतकी वर्षं त्या पाटीवर 'मामला खलास' असंच लिहिलेलं होतं म्हणायचं!

सिलिकॉन ओएसिसमध्ये हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. खालच्या बकाल्यातला मल्याळी दुकानदार कोथिंबीर संपली की 'खलास' म्हणतो. टॅक्सीवाल्याला पत्ता कळला की 'खलास', म्हणजे समजलं, आता पुढे सांगू नका. ऑफिसातला इजिप्शियन सहकारी वाद मिटवायला दोन्ही हात वर करून 'खलास, खलास' करतो. पुरे, झालं, ठरलं, जाऊ दे, गप्प बस. सूर तेवढा बदलायचा. खजुराच्या खोक्यावरही हेच नाव दिसतं, कारण खलास ही खजुराची इकडची नावाजलेली जात आहे. लिवाच्या खजूर महोत्सवात तिची वेगळी स्पर्धा असते. माझी आई इथे आली होती, तेव्हा 'खलास खजूर' ऐकून म्हणाली, "संपलाय तर पुढ्यात काय ठेवलंयस?"

तिच्या सांगलीकडच्या मराठीत खलासचे अर्थ दोनच. संपलं, नाहीतर मेलं. त्यातून शब्द गुंडांच्या तोंडचा. नातू रोज रात्री फोनवर "आजोबा, खलास?" असं विचारायचा. त्याला म्हणायचं असायचं, जेवून झालं का? पलीकडे आजीचा जीव वरखाली व्हायचा.

या शब्दाचं मूळ अरबीतल्या ख-ल-स या धातूत आहे. शुद्ध होणं, मोकळं होणं, सुटणं. म्हणून अरबीत खलास म्हणजे सुटका, उद्धार. देणं फिटलं की तेही खलास. फारसीच्या वाटेने दफ्तरांतून हे कुटुंब मराठीत उतरलं आणि इतकं पांगलं की भावंडं एकमेकांना ओळखत नाहीत. खालिस म्हणजे बिनभेसळ, त्याचं आपण 'निखालस' केलं. त्यातला 'नि' नकाराचा नाही, उगाच चिकटलेला आहे. 'खुलासा' अरबीत सार किंवा अर्क. आपल्याकडे स्पष्टीकरण, आणि सरकारी कचेरीत तर धमकीच. 'तीन दिवसांत खुलासा सादर करावा' अशी चिठ्ठी ज्यांच्या टेबलावर आली असेल त्यांना विचारा. कोकणातल्या होडीवर तांडेलाच्या हाताखाली राबणारा 'खलाशी'ही याच घरचा.

पण खरी गंमत 'खालसा'ची. मोगलाईत जी जमीन कोणाला जहागीर न देता थेट बादशाही खजिन्याकडे राही, ती खालसा. मध्ये कोणी नाही, म्हणून शुद्ध. १६९९ साली गुरु गोविंदसिंगांनी आनंदपूरला खालसा पंथ स्थापन केला. नांदेडला आणि आपल्या जेबेल अलीच्या गुरुद्वारात हा शब्द हात जोडून उच्चारला जातो. आणि आपण शाळेत काय शिकलो? १८४८ साली डलहौसीने सातारचं राज्य खालसा केलं. एकाच्या तोंडी पवित्र, दुसऱ्याच्या तोंडी जप्त.

असे शब्द मराठीत ठेवावेत की नाहीत, हा वाद जुना आहे. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. राज्य स्वतःचं झालं तर हुकुमाची भाषा परकी का, हे पटण्यासारखं आहे. माधव जूलियनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश काढला आणि पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले. शब्दांची गोत्रं ज्याला इतकी ठाऊक, त्यानेच त्यांना निरोप द्यावा याचं मला अजून नवल वाटतं. माझं म्हणाल तर दफ्तरातले शब्द हुकुमाने बदलतात, पण 'निखालस माणूस' म्हणायला मला दुसरा शब्द सापडत नाही.

अरबीत खलासचा आणखी एक अर्थ आहे, तो मला बराच उशिरा कळला. बाळंतपणात बाळामागून पडणारी वार, तिलाही खलास म्हणतात. वाचलं आणि माझी आजी आठवली. कुणी बाळंत झाली की ती म्हणायची, 'सुटली गं बाई.' आपल्याकडे जन्म देऊन बाई सुटते आणि अंथरुणाला खिळलेला माणूस गेला की तोही सुटतो.

गेल्या फेब्रुवारीत माझे वडील मिरजेला गेले. सात महिने झोपूनच होते. इथले पहाटेचे साडेचार वाजले असतील. आईचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "सुटले रे."

फोन स्पीकरवर होता. मुलगा उठून दारात उभा होता. "आजोबा सुटले? हॉस्पिटलमधून? घरी आणलं?" त्याचा चेहरा असा फुलला होता की बायकोने तोंड फिरवलं. फोनवर आई अजून होती, तिने ते ऐकलं.

इथे वाढलेल्या मुलामुलींनो, तुम्हीही हे वाचत असाल तर त्याला हसू नका. वाक्याचा सरळ अर्थ त्याने लावला होता तोच. मी त्याला जवळ बसवलं आणि सांगितलं की आपल्यात खूप सोसून माणूस गेला की 'मेला' म्हणत नाहीत, 'सुटला' म्हणतात. त्रासातून सुटला.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे खलास." आणि लगेच फोनकडे वळून, "आजी, तू म्हणतेस तो नाही. अरबीतला."

आई म्हणाली, "होय रे बाळा."

मुंबईचं सकाळचं विमान मिळालं. त्याची परीक्षा चालू होती, पण तो आलाच.