अ‍ॅमस्टरडॅमची कोकणी

मैत्रिणीच्या पीएचडीची हमाल म्हणून मी अ‍ॅमस्टरडॅमला गेले. (खरं तर चीजसाठी!) लायब्ररीत पेन बाहेर, पेन्सिल आत. समोर ‘हॉर्टस मलबारिकस’. मलबारच्या झाडांवरचे १२ खंड, १६७८ ते १६९३ मध्ये इथेच छापलेले. चित्रं सॉलिडच, पण मी अडकले त्यावरच्या देवनागरीत. झाडांची कोकणी नावं! रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट या वैद्यांनी या पुस्तकाला मदत केली होती. त्यांचं १६७५चं कोकणी प्रमाणपत्रही पहिल्या खंडात आहे. अक्षरं मी वाचली, अर्थ लागेना. कारवारच्या आजीशी मी कायम मराठीतच बोलले. लाज वाटायची ना, कोकणीची!

रात्री आईला फोन लावला. “आजीची झाडपाल्याच्या औषधांची वही आहे ना गं?”

“रद्दीत गेली. तूच दिलीस.”