शनिवारचा चहा

चि. मिलिंद यास,


रविवारी फोनवर तू सहज बोलून गेलास, ‘मामा, मेंटेनन्सची ती शनिवारची अर्ध्या तासाची बैठक बंद केली. नुसता चहा आणि गप्पा. आता प्रत्येकाने महिन्याला पाच नोंदी कॉम्प्युटरवर भरायच्या, इन्क्रिमेंट त्यावर.’ आणि त्याच दमात विचारलंस, मेंटेनन्सचे नाना मार्चमध्ये रिटायर होतायत, त्यांच्याकडचं सगळं उतरवून घ्यायला फॉर्मात रकाने कोणते ठेवू? मी ‘कळवतो’ म्हणालो आणि फोन ठेवला. माझा चेहरा बघून मामीने विचारलं, ‘कुणी गेलं का?’

रकाने घे लिहून. मशीन नंबर, तारीख, लक्षण, काय तपासलं, काय सापडलं, काय बदललं. झाले सहा. आता त्या सहांत नाना मावतात का, ते तू सांग.

तो ग्राइंडर आठवतो? तू डिप्लोमाच्या सुट्टीत शॉपवर यायचास, तेव्हाचा. स्पिंडल तापायचा. दोनदा बेअरिंग बदललं आणि लॉगबुकात दोन्ही वेळा लिहिलं, ‘बेअरिंग खराब, बदलले.’ खोटं त्यात काहीच नव्हतं. तिसऱ्यांदा नानांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि म्हणाले, ‘बेअरिंगचा दोष नाही, त्याला कुणीतरी दाबतंय.’ शनिवारी चहावर हा विषय निघाला, तेव्हा दुसऱ्या शिफ्टचा वायरमन म्हणाला, ‘तो नवा पोरगा दर सोमवारी पट्टा ताणतो, घसरतो म्हणे.’ का घसरतो? तर पुलीवर कूलंट उडतंय, हे झाडणाऱ्या मावशींना रोज दिसत होतं. गार्डाचा पत्रा वाकला होता. चार माणसांकडे चार तुकडे होते आणि आपला तुकडा सांगण्याजोगा आहे असं एकालाही वाटत नव्हतं. जे सांगण्याजोगं वाटतच नाही, ते कुणी तुझ्या फॉर्मात कशाला भरेल?

हे माझं म्हातारपणचं खूळ समजू नकोस. झेरॉक्स कंपनीत ज्युलियन ऑर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात कॉपी मशीन दुरुस्त करणाऱ्यांमागे फिरून त्यांचं काम पाहिलं. १९९६ साली त्यावर त्याचं पुस्तक आलं. कंपनीने जाड मॅन्युअल दिलेलं, एरर कोड दिसला की काय करायचं ते त्यात पायरीपायरीने लिहिलेलं. पण कोडच फसवा निघाला की दोघं मशीनसमोर बसून एकमेकांना जुन्या मशीनच्या गोष्टी सांगत, आणि त्या गोष्टींतून बिघाड हाती लागे. नाश्त्याला, जेवणाला एकत्र जमले की बोलणं तेच. वरून पाहणाऱ्याला तो वेळ वाया गेलेला दिसला असता. तुला दिसला तसाच.

पुढे त्याच कंपनीने या गोष्टी साठवायला कॉम्प्युटरवर ‘युरेका’ उभं केलं, सुरुवात फ्रान्समध्ये झाली. म्हणजे तुझ्या कॉम्प्युटरशी माझं वैर नाही. पण तिथे एकाने लिहिलेली युक्ती दुसरे कारागीर तपासायचे, मगच ती आत जायची. आणि बक्षीस काय हवं, तर पैसे नकोत, युक्तीखाली आमचं नाव घाला, असं त्यांनी सांगितलं. तू नोंदीला इन्क्रिमेंट बांधलंस! आता महिनाअखेरीला पाच नोंदी येतील, पाचही कामचलाऊ. नाना तर नाक्यावरच्या सायबर कॅफेवाल्याकडून भरून घेतील.

अशा जमण्याला ‘कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस’ हे नाव जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ च्या पुस्तकात दिलं. लेव्हबाईंनी लायबेरियातले शिंपी पाहिले होते. तिथे नवा पोरगा आधी काजं, बटणं, दुमड शिकतो, मग शिवण, आणि कापड कापणं सगळ्यात शेवटी. कडेला बसून तयार कपडा हाताळता हाताळता तो आत सरकतो. तुझी नवी पोरं शनिवारी कडेलाच बसायची ना रे? बैठकीचं बाकडंच काढल्यावर ती कुठून आत सरकणार?

आणि हे तुला मी सांगायचं? तासगावच्या द्राक्षबागेत वाढलास तू. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की तुझे बाबा घरी थांबायचे का? या बागेतून त्या बागेत. कुणाच्या पानाखाली डाऊनी रोग दिसला, कुणी काय फवारलं, जीए संजीवकाची मात्रा कुणाची चुकली. चुकलेलीसुद्धा सांगायचे, हे महत्त्वाचं. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस आला, तेव्हाही रात्री हेच चाललं होतं, मी विसरलेलो नाही. तूही विसरला नसशील.

बैठकीतून चुकाही पसरतात, हे कबूल. बेअरिंगमध्ये ग्रीस ठासून भरायचं, हे आम्हीच एकमेकांना कित्येक वर्षं शिकवलं. जास्त ग्रीसने ते उलट तापतं, हे आम्हाला एका डिप्लोमाच्या पोराने त्याच बाकड्यावर सांगितलं. नाना आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत आणि मग सगळ्या शॉपचं ग्रीस त्यांनीच कमी केलं.

मग तू काय करायचंस? बाकडं परत ठेव. मार्चपर्यंत नानांसोबत दोन पोरं दे, नुसती फिरायला. त्यातला एखादा रात्री आठवून चार ओळी लिहील, त्या पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर वाचू दे. नाना त्यात दहा चुका काढतील. खरी नोंद त्या दहा चुकांत असेल. आणि तू तिथे बसू नकोस, निदान पहिला महिना. साहेब बसला की माणसं चुका सांगत नाहीत.

हे लिहिताना एक मनात येतंय. तू आता कुठे बसतोस, मिलिंद? मामी सांगत होती, डबा केबिनमध्ये एकटाच खातोस, दोन घास खाऊन झाकण लावतोस. त्या खुर्चीवरचं काम तरी कुठल्या मॅन्युअलात लिहिलंय? रात्री दोनला प्लँट बंद पडला, युनियन दारात आली, तर ‘माझं इथे चुकलं’ असं तू कुणाला सांगतोस? आजूबाजूच्या कारखान्यांत तुझ्या वयाचे, तुझ्याच खुर्चीवरचे चार जण असतील. त्यांना कधी चहाला बोलावलंस का?

पुढच्या शनिवारी मी येतोय. गेटवर नाव देऊन ठेव. तुझ्या केबिनमध्ये येत नाही, सरळ शॉपवर जाईन. मामी चिवडा देणार आहे, सगळ्यांना पुरेल एवढा.

तुझा,
मामा